रकाना सातवा

"चौथी कपबशी ही. आता पाहुण्यांना काय वाटीतून चहा देऊ?"

सारिका हे स्वतःशीच पुटपुटली. पण स्वयंपाकघर एवढंसं, आणि शुभांगी तिच्या कोपराला कोपर लावून मेथी निवडत बसलेली. ऐकू कसं येणार नाही? तिनं मेथीची एक काडी उगाच दोनदा मोडली आणि मान वर केली नाही. माहेरी आलेल्या नणंदेनं भावजयीचं पुटपुटणं ऐकायचं असतं, ऐकल्याचं दाखवायचं नसतं, एवढं पन्नाशीपर्यंत कळायलाच हवं.

"निसटली गं," सोप्यातून शुभांगीच्या भावाचा, हणमंतचा, आवाज आला. "बुडाला ओली होती."

"कोरडी होती," सारिकानं मेथीला सांगितलं.

"स्टीलचे पेले काढ म्हणून दिवाळीपासून सांगतेय," शेगडीपुढून आई म्हणाली. "वारं असलेल्या माणसापुढं कुणी चिनी मातीची भांडी ठेवतं का?" आणि बोलता बोलता तिनं हणमंतसाठी वाढलेली भाकरी ताटातच कुस्करून, आमटी घालून, अगदी बारीक कालवून ठेवली. शुभांगीला ते दिसलं. त्यात काय एवढं, असं वाटून विसरलीही.

हे वारं म्हणजे निंबेगावच्या कडजाईचं. डोंगराच्या कड्यावर तिचं ठाणं आहे, आणि तिचं वारं गावात एकाच घरात येतं, सुतारांच्या. चाळिशीच्या पुढेमागे घरातल्या एखाद्याचे हात आपोआप नाचायला लागतात, मग खांदे, मग पावलं झोक खातात. त्या माणसाला झाड म्हणायचं. देवी ज्याच्यावर येऊन बसते ते झाड. जत्रेत त्याला पाटावर बसवतात, पहिला नारळ त्याच्या पायाशी फुटतो, गावातली म्हातारी माणसंसुद्धा वाकतात. मात्र एकदा पाटावर बसलं की त्याच्या अंगाला डॉक्टरचं औषध लावायचं नाही, असा नेम. त्याच्यामागं घरातली हत्यारं ज्याच्या हातात जातील ते पुढचं झाड, आणि त्यालाही पहिल्या दिवसापासून तोच नेम.

शुभांगीचे वडील, दत्तू सुतार, घरात सगळ्यांचे दादा, हे गावातलं शेवटचं झाड. ते सोळा साली गेले. तेव्हापासून अठ्ठावीस वर्षं पाट रिकामा होता. आणि आता सेहेचाळिसाव्या वर्षी हणमंतचा डावा हात नाचू लागला होता.

गाव खूश होतं. फक्त खालच्या आळीतला बबन तेवढा मध्ये आला होता. आपल्यालाही वारं येतं, पाटाचा मान आपला, असं त्याचं म्हणणं.

"त्याला ढोल वाजला की वारं येतं आणि जेवायला हाक मारली की जातं," देवस्थानचे सेक्रेटरी शेटेआप्पा सोप्यात बसून सांगत होते. चहा त्यांच्याच धोतरावर सांडला होता, तरी आवाजात भक्ती होती. "हणमाचं तसं नाही. ढोल असो नसो, हात चालूच. हे खरं! पण पंचांना कागद लागतो. शुभाताई, तुम्ही तालुक्याला त्याच कामात आहात. पाच पिढ्यांची झाडं कागदावर काढून द्या. कोण कधी गेलं, कशानं गेलं. बबनचं तोंड कायमचं बंद होईल."

"देते की," शुभांगी म्हणाली. तिला बरं वाटलं. माहेरासाठी काही करायला मिळालं की कुठल्याही वयात बरंच वाटतं.

निघण्याआधी ती मागच्या कारखान्यात डोकावली. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, एक करवतयंत्र आणि पाच पिढ्यांची हत्यारं. हणमंतची एकुलती एक ऋतुजा, वय बावीस, पालखीच्या पायाचा सांधा तासत होती.

"हा तर परवाच बाबानं केला होता ना?"

"हं," ऋतुजा म्हणाली. "जरा सैल होता." तिनं पटाशी बाजूला ठेवली आणि सांध्यावरून अंगठा फिरवला. "आत्या, बाबांना सांगू नकोस."

असं सगळ्यांचंच चाललं होतं. सारिका बटणं काढून शर्टाला चिकटपट्टी लावून देत होती, ऋतुजा बापाचे सांधे पुन्हा जुळवत होती, आई भाकरी कुस्करत होती. कुणी कुणाला काही बोलत नव्हतं. वारं आलं होतं आणि घर आनंदात होतं.

*

शुभांगी मोडी स्वतःच शिकलेली. तहसील कचेरीसमोर झेरॉक्सच्या दुकानात काम करायची तेव्हा लोक जुने कागद घेऊन यायचे आणि वाचणारे एकमेव बापट गुरुजी वारले होते. मग तिनं बाराखडीचं पुस्तक आणलं आणि एका आडत्याच्या रद्दीतली जुनी पत्रं उरावर घेऊन वाचली. दोन वर्षांत लोक तिलाच विचारायला लागले. पुढं सरकारनं सगळी जन्ममृत्यूची पुस्तकं वाचायला 'उकल' नावाचं यंत्र आणलं, तेव्हा तिला वाटलं, झालं, आपला बाजार उठला. पण यंत्रालाही अडलं की विचारायला कुणीतरी लागतं. आता ती रेकॉर्ड रूममध्ये यंत्राशेजारी बसायची आणि त्याला न लागलेलं अक्षर सांगायची. तिच्या मते त्यांचं बरं चाललं होतं. ते तिच्या स्वयंपाकाला नावं ठेवत नव्हतं.

अक्षर लावणं हे उकलचं अर्धंच काम. खरं काम सातव्या रकान्याचं.

गावच्या मृत्यूच्या पुस्तकात सातवा रकाना कारणाचा. तो भरणाऱ्यानं मयत पाहिलेलं नसायचं. कोतवाल तोंडी सांगायचा, लिहिणारा महिन्याच्या शेवटी एका बैठकीत सगळं उतरवायचा. पटकी, देवी, गाठीचा ताप ही नावं सरकारला हवी असायची, ती नीट लिहिली जायची. बाकी सगळ्याला 'ताप'. बाळंतीण गेली, ताप. साप चावला आणि फौजदार नको असला, ताप. दहातली सहा माणसं या जिल्ह्यात तापानं गेलेली आहेत.

उकल त्या 'ताप'च्या मागं जायचं. मेलेला माणूस कोणत्या महिन्यात गेला, त्या आठवड्यात शेजारच्या आळीत कोण गेलं, तळ्याला पाणी किती होतं, लिहिणाऱ्याची सवय काय, शाई एका बैठकीची की वेगवेगळ्या दिवसांची, हे सगळं ते एकमेकांवर ठेवून पाही. शिवाय दुसऱ्या दप्तरांतले कागद: पाटलाचे अर्ज, दवाखान्याचे केसपेपर, पंचनामे. मग सांगे, हा हिवताप होता, संभव शंभरात ऐंशी. ही बाळंतरोगानं गेली, शंभरात पंच्याण्णव. लाखो नोंदी झाल्यावर त्याला आणखी एक खोड लागली. ते एका घरातली माणसं पिढ्यान्पिढ्या ओळीनं लावून बघायला लागलं. एक कागद मुका असतो. पाच शेजारी ठेवले की बोलतात.

शुभांगीनं निंबेगावची दप्तरं मागवली. सुतारांचं घर यंत्राला सांगितलं, आणि पाच कागद समोर आले.

तुका सुतार, खापरपणजोबा, १९२६. कारण: ताप.

सखू, तुकाची लेक, १९४९. कारण: बाधा.

राघू, तुकाचा लेक, शुभांगीचे पणजोबा, १९५७. कारण: घास अडकून.

शंकर, आजोबा, १९९५. कारण: अशक्तपणा.

दत्तू, वडील, २०१६. कारण: हृदयक्रिया बंद पडून.

शेवटचं वाचून तिला नेहमीसारखं हसू आलं. सगळ्यांचीच बंद पडते. मग खाली यंत्रानं दिलेले जोडकागद ती वाचायला लागली आणि हसू तोंडावरच राहून गेलं.

तुका जायच्या सहा वर्षं आधीचा पाटलाचा अर्ज होता: सुताराचं बलुतं बंद करावं, कारण त्याच्या हाती लाकूड तासायचा वाकस ठरत नाही, दोन वेळा पायावर घेतला. सखूबद्दल बाजारच्या गावच्या शिपायाचा रिपोर्ट: सदर बाई रस्त्यात नाचते, प्याली नाही. राघूच्या पंचनाम्यात: गेली तीन वर्षं कालवूनच भरवत होते. शंकरच्या केसपेपरावर, इंग्रजी डॉक्टरी अक्षरात: चालताना तोल जातो, दारू घेत नाही असं सून सांगते.

सून म्हणजे शुभांगीची आई.

खाली उकलचा नेहमीचा कोरडा शेरा होता. *पहिल्या चार नोंदींमागे एकच आजार असण्याचा संभव शंभरात एक्क्याण्णव. स्वरूप: मेंदूचा, वंशातून उतरणारा, मध्यम वयात सुरू होणारा. पाचवी नोंद पुराव्याअभावी अनिश्चित.*

ती उठून पाणी पिऊन आली. मग तिनं, स्वतः शिकलेली माणसं करतात तसं, परीक्षा घेतली. दुसऱ्याच एका घराचे पाच कागद यंत्रापुढं टाकले. यंत्र म्हणालं, संबंध नाही. परत स्वतःचे टाकले. एक्क्याण्णव.

टेबलावर तिचे दोन्ही हात पसरलेले होते. ती त्यांच्याकडं बराच वेळ बघत बसली. ते हलत नव्हते. पण बघत बसलं की वाटतं, आत्ता हलला का?

*

जिल्ह्याच्या दवाखान्यात डॉक्टर तहसीन मणेर फक्त अशाच घरांचं काम बघायच्या. त्यांनी शेरा वाचला, जोडकागद वाचले, आणि चष्मा काढला.

"हंटिंग्टनचा आजार म्हणतात याला. तुम्ही जुन्या कागदांच्या नकला करता ना? मग तुम्हाला लवकर कळेल. आपल्या पेशीत एक ओळ आहे, तीत तीन अक्षरांचा एकच शब्द पुन्हा पुन्हा येतो. पस्तीसेक वेळा आला तर काही बिघडत नाही. एखाद्या घरात तो चाळीस, पंचेचाळीस वेळा झालेला असतो."

"डुलकी लागलेल्या कारकुनासारखं," शुभांगी म्हणाली. "तोच शब्द उतरवत सुटलेला."

"अगदी. मग त्या ओळीवरून पेशी जे प्रथिन बनवते ते चिकट होतं, गोळा होतं. मेंदूत हालचाल आवरून धरणाऱ्या ज्या पेशी असतात त्या आधी मरतात. म्हणून हात नाचतात. मग गिळता येत नाही." त्यांनी चष्मा परत चढवला. "आई किंवा बापाला असेल तर प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता. नाणं उडवल्यासारखी. एकाचं नाणं दुसऱ्याला विचारत नाही."

"माझं?"

"पन्नासपर्यंत काही नाही म्हणजे बहुधा तुम्हाला छापा पडलाय. पण बहुधाच."

"आणि भावाची मुलगी?"

"तिच्यासाठीच तर घाई." आता सुई होती. तीन महिन्यांतून एकदा पाठीच्या मण्यांत घ्यायची. पेशीला ती ओळ वाचूच देत नाही. हणमंतसारख्याला तिनं फक्त वेग कमी होतो, मेलेल्या पेशी परत येत नाहीत. पण हात हलायच्या आधी, पंचविशीच्या आत सुरू केली तर ज्यांना आजार आहे अशांतल्या दहांपैकी आठांचा हात साठीपर्यंत हलणार नाही, असा डॉक्टरांचा हिशेब होता.

"मग उद्याच आणते तिला. रक्त घ्या."

"घेता येत नाही, ताई. वंशदाखला लागतो." तो कायदा शुभांगीला माहीत होता, सगळ्यांनाच होता. मागच्या दहा वर्षांत विमेवाल्यांनी आणि स्थळं बघणाऱ्यांनी लोकांची रक्तं चोरून तपासून जो धिंगाणा घातला, त्यानंतर धडधाकट माणसाची अशी तपासणी बंद झाली होती. दप्तरातले पुरावे हवेत, आणि त्यांच्या जोडीला एका जिवंत माणसाची साक्ष: घरात त्या आजारानं गेलेल्याची ज्यानं शेवटपर्यंत स्वतः शुश्रूषा केली, आणि ज्याच्या स्वतःच्या रक्तात तो आजार असू शकत नाही, अशाची. "तुमची चालणार नाही. तुमच्या भावाची नाही. तुमच्या वडिलांना कुणी सांभाळलं?"

"आईनं."

"मग आईला आणा. त्यांना एवढंच सांगायचंय की तुमचे वडील कशानं गेले."

शुभांगी दाराशी पोचल्यावर मागं वळली. "डॉक्टर, आमच्या गावात त्याला देवीचं वारं म्हणतात. पाटावर बसवतात."

तिला वाटलं, आता त्या हसतील. डॉक्टर मणेर हसल्या नाहीत. "बरंच केलं की गावानं. माझ्याकडं येतात त्यांतल्या निम्म्यांना घरच्यांनी दारुडे म्हणून हाकललेलं असतं. तुमच्या माणसांच्या पाया पडले लोक." मग म्हणाल्या, "पण औषध चालत नाही ना, पाटावर बसल्यावर?"

"नाही."

"जत्रा कधी?"

"सतरा दिवसांनी."

*

आई अंगणात हरभऱ्याची डाळ पाखडत होती. शुभांगी समोर पायरीवर बसली. पाचही कागद पिशवीत होते, ते काढायची तिची हिंमत नव्हती.

"आई, तू हणमाची भाकरी कुस्करून का देतेस?"

सुपाचा आवाज थांबला. मग परत सुरू झाला.

"त्याला अजून गिळायला काही होत नाही," शुभांगी म्हणाली. "सारिकाला विचारलं मी. तो स्वतः म्हणतो, मी काय लहान आहे का. तरी तू बारीक करतेस. तुला माहितेय पुढं काय होतं ते."

"आईचा हात आहे. करतो."

"दादांना असंच भरवायचीस. आजोबांनाही, असं ऐकलंय."

"मग? सासऱ्याला भरवलं तर काय पाप केलं?"

"दोघांना एकच होतं ना गं?"

आईनं सूप मांडीवर ठेवलं. एकाहत्तर वर्षांची बाई, पण नजर अशी की शुभांगीला एकदम शाळेतल्यासारखं वाटलं.

"एक सांगू तुला? तुला मागणी कशावर आली होती? झाडाच्या घरची लेक म्हणून. सारिका आली ती कशावर? आजार म्हटला असता तर या उंबऱ्याच्या आत कोण आलं असतं? तुझे दादा रस्त्यानं चालायचे तर लोक वाट सोडायचे, हात जोडायचे. शेजारच्या गावचा तो गवंडी, त्याचेही हात असेच नाचायचे, त्याला पोरं दगड मारायची. मी बघितलंय. तुम्ही तिथं यंत्रात बघता, मी डोळ्यांनी बघितलंय." तिनं डाळीतला एक खडा काढून लांब फेकला. "दादा गेले तेव्हा ग्रामसेवकानं विचारलं, कशानं? मी म्हटलं, काळीज बंद पडलं. ते काय खोटं होतं?"

"नव्हतं."

"मग झालं."

"आई, ऋतुजाला सुई मिळू शकते. तिला असलं तर. नसलं तर तेही कळेल, डोक्यावरचं ओझं जाईल. फक्त दादा कशानं गेले ते तू डॉक्टरांना सांगायला पाहिजेस."

"आणि तिचं लग्न? आणि हणमा? पाटावर बसायचं म्हणून त्यानं नवं धोतर आणलंय. आरशापुढं बघत होता काल. दोन वर्षांत पहिल्यांदा स्वतःच्या हाताकडं बघून हसला तो." आईनं सूप परत हातात घेतलं. "ते काढून घेऊ? त्याच्या हातात दुसरं काय देणारेस तू?"

शुभांगीनं पिशवी मांडीवर ओढून घेतली.

कारखान्याच्या दारात ऋतुजा उभी होती, केसांत भुसा. किती वेळ उभी होती कोण जाणे. तिनं हात पुढं केला आणि शुभांगीच्या पिशवीतले कागद स्वतःच काढून घेतले. एक एक वाचला. वाकस पायावर घेतल्याचा कागद तिनं दोनदा वाचला.

"बलुतं बंद केलं म्हणजे आधी सांधे सैल झाले असणार," ती म्हणाली. "आधी दोन वर्षं. कुणीतरी मागनं नीट करत असणार." मग हळूच, "आत्या, माझं किती?"

"निम्मं."

"बाबांना माहितेय?"

"मी नाही सांगितलं."

"मी पण नाही सांगणार," ऋतुजा म्हणाली. "आजी ठरवेल ते. बाबांचं धोतर बघितलंय मी."

आई परत पाखडायला लागली होती. डाळ केव्हाच निवडून झाली होती.

*

जत्रेच्या आठ दिवस आधी पंच देवळाच्या मंडपात बसले. नेम असा, की झाड पाटावर बसण्याआधी त्याची नोंद देवस्थानच्या वहीत व्हायची. लाल कापडात बांधलेली जाडजूड वही, शेटेआप्पांच्या पुढ्यात. बबन एका खांबाला टेकून बसला होता, त्याचा आज उपास असावा असं तोंड. सुतारांचं घर समोर सतरंजीवर: मध्ये हणमंत नव्या धोतरात, डाव्या मांडीखाली डावा हात दाबून धरलेला; एका बाजूला सारिका आणि ऋतुजा, दुसऱ्या बाजूला आई. शुभांगी मागं, पिशवी कवटाळून.

"कागद आणलेत ना, ताई?" आप्पांनी विचारलं.

तिनं आईकडं पाहिलं. आई देवीच्या मुखवट्याकडं बघत होती. शुभांगीनं नावं आणि तारखा तेवढ्या काढलेली नक्कल पुढं केली. सातवा रकाना तिनं कोरा ठेवला होता. यंत्राचा शेरा पिशवीतच राहिला. तो उघड करायचा हक्क आपला नाही, असं तिनं स्वतःला सांगितलं होतं. आणि आपण भित्र्या आहोत, हेही.

"तुका, सखू, राघू, शंकर, दत्तू," आप्पा मोठ्यानं वाचत लिहीत गेले. "पाच झाडं! बबनराव, ऐकताय ना? सव्वाशे वर्षांचा कागद आहे."

"ऐकतोय," बबन म्हणाला. "माझ्या आज्याच्या वेळी कागदच नव्हता, नाहीतर..."

"नाहीतर त्यालाही ढोल लागला असता." मंडपात हशा पिकला. हणमंतही हसला. हसताना हात मांडीखालून सुटला आणि हवेत एक गिरकी घेऊन आला. दोनतीन बायांनी चटकन हात जोडले.

"आता ही वही," आप्पा म्हणाले. "मागचं झाड, दत्तू शंकर सुतार. मृत्यू कशानं? वहिनी, तुम्हीच सांगायचं. सोळा साली मी सेक्रेटरी नव्हतो, तेव्हाचा रकाना मोकळाच राहिलाय."

आईचे ओठ हलले. आवाज आला नाही.

"देवीनं नेलं, असं लिहितो," आप्पा समजुतीनं म्हणाले. "आमच्यात तेच लिहितात." आणि त्यांनी लिहिलं. शाईचं पेन होतं, वहीसाठी मुद्दाम ठेवलेलं. निबेचा करकर आवाज शुभांगीच्या ओळखीचा होता; सातवा रकाना भरतानाचा. शंभर वर्षं तो असाच भरला जात होता. कुणीतरी विचारतं, कुणीतरी गप्प बसतं, आणि मग लिहिणारा आपल्याला सोयीचं लिहितो. यंत्राला यातलं सगळं काढता येतं, पण ती गप्प बसलेली बाई काढता येत नाही, असं तिला वाटलं.

"आताचं झाड, हणमंत दत्तू सुतार," आप्पा पुढं गेले. "हणमा, नेम ठाऊक आहे ना? आजपासून दवा नाही, सुई नाही."

"ठाऊक आहे, आप्पा." हणमंतनं मान वर केली. त्याच्या तोंडावर समाधान होतं, पण नजर ऋतुजाकडं गेली आणि पटकन परत आली. तेवढ्यात शुभांगीला कळलं की त्यालाही माहीत आहे. कदाचित सगळ्यांच्या आधीपासून. ढोल नसताना हात नाचतो तेव्हा जे कळतं ते.

"आणि पुढचं झाड. घरची हत्यारं कुणाच्या हाती?"

पालखीचे चारही पाय यंदा कुणी बनवले ते सगळ्या गावानं बघितलं होतं.

"पोरीच्या हाती, आणखी कुणाच्या!" मागून एक म्हातारा म्हणाला. "हात काय आहे तिचा! आज्यासारखा."

"मुलगी चालते," आप्पा म्हणाले. "सखू होतीच की. मग लिहितो. पुढचं झाड, ऋतुजा हणमंत..." त्यांनी वर पाहिलं. "बाळ, नेम तुलाही आजपासून. दवा नाही, सुई नाही. कबूल म्हण."

ऋतुजानं आपले दोन्ही हात मांडीवर उलटे केले. तळव्यांवर पटाशीचे घट्टे होते. तिनं बापाच्या धोतराच्या नव्या काठाकडं पाहिलं आणि तोंड उघडलं.

"थांब," आई म्हणाली.

पेन थांबलं.

"आप्पा, ते मागचं खोडा आधी."

"कोणतं, वहिनी?"

"देवीनं नेलं, ते. देवीवर कशाला घालता? तिनं काय केलंय?" आई उठायला लागली, गुडघा सरळ होईना, तेव्हा तिनं हणमंतच्या खांद्याचा आधार घेतला. त्याचा सुटलेला हात तिनं आपल्या हातात धरला, आणि आता दोघांचाही हात हलत होता. "सासऱ्याला मी तीन वर्षं भरवलं. नवऱ्याला बारा. शेवटी दोघांना पाणीसुद्धा गिळता येत नव्हतं, आणि ढोल कुठंच वाजत नव्हता. मला पहिल्या वर्षीच कळलं होतं. लेकरांची घरं बसावीत म्हणून मी बोलले नाही."

"आई," हणमंत म्हणाला. नुसतंच.

"तू गप रे. तुलाही माहितेय आणि मलाही माहितेय तुला माहितेय." तिनं आप्पांकडं पाहिलं, आणि सावकाश, लिहून घेणाऱ्याला उतरवता यावं अशा बेतानं, म्हणाली, "लिहा. दत्तू सुतार आजारानं गेले. त्यांचे वडील आजारानं गेले. आणि आमच्या हणमाला वारं नाही. त्यालाही तोच आजार आहे."